हर्क्युलसचं प्रायश्चित्त

धाटावच्या आमच्या अंगणात यंदा किल्ला केला तो धाकटीने. वसुबारसेच्या संध्याकाळी चिरंजीवांनी २०१४ सालचा 'हर्क्युलस' हा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि अंगणात येऊन एका लाथेत तो किल्ला जमीनदोस्त केला!

"अरे, हे काय?"

"बाबा, मी हर्क्युलस!"

मास्तराच्या घरी शिक्षा म्हणजे व्याख्यान! मी म्हणालो, "तुझ्या चित्रपटात त्याच्या बायकामुलांना राजाने सोडलेले लांडगे मारतात. म्हणजे नायकाचे हात स्वच्छ! मूळ ग्रीक कथेत हिरा देवीने घातलेल्या वेडाच्या भरात तो स्वतःच पोटच्या मुलांना मारतो. त्याची ती बारा अचाट कामं म्हणजे त्या पापाचं प्रायश्चित्त."

"पण मारामारी तर तीच ना?"

"नाही रे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. त्यांची चिमुरडी मंदाकिनीच त्यात कृष्ण झाली. डोहात झुंज आहे, पण काठावर गोकुळ जीव मुठीत धरून उभं आहे. ते गोकुळ वगळलं, तर उरते नुसती कुस्ती."

चिरंजीव गप्प. आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "झालं असेल व्याख्यान, तर पानं वाढलीत!"

सकाळी उठून पाहतो तो चिरंजीव कुंडलिकेच्या काठची माती घमेल्याने वाहताहेत आणि धाकटी कमरेवर हात ठेवून उभी. खेपा किती झाल्या, ते मी पाहिलं नाही. ती मात्र मोजत होती.