विचारायला एक खिडकी हवी

कॉलेजातल्या मुलांच्या पिण्याविषयी आपल्या घरांत दोनच सूर लागतात. 'आमचा तसला नाही' हा एक, आणि 'या वयात थोडंफार चालायचंच' हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये एक मुलगा असतो, जो स्वतःच मनातून धास्तावलेला आहे. त्याच्याविषयी कुणी बोलत नाही.

आमच्या इमारतीत इंजिनिअरिंगची चार मुले भाड्याने राहतात. शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन ती माझ्याकडे येतात. बँक सुटली तरी ते टेबल काही सुटले नाही! गेल्या पावसाळ्यात त्यांतला एक जण काम झाल्यावरही उठेना. मग म्हणाला, "काका, एखाद्याला वाटलं की आपलं जरा जास्तच व्हायला लागलंय, तर त्याने विचारायचं कुणाला?" हा 'एखादा' कोण, ते मी विचारले नाही. "कॉलेजात कुणी नाही का?" म्हटले, तर तो हसला. "तिथं विचारलं की आधी घरी फोन जातो."

त्याची भीती खोटी नव्हती. महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ ची. म्हणजे कॉलेजातल्या बहुतेक मुलांना 'मी पितो' असे म्हणणे हाच कबुलीजबाब! वसतिगृहाचे नियम त्याहून कडक. नियम असावेत, माझी तक्रार नाही. पण मदत मागणारा आणि धिंगाणा घालणारा एकाच रांगेत उभे केले, तर पहिला रांगेतून निघून जातो, आणि दुसऱ्याचे काही बिघडत नाही.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, पु.ल. आणि सुनीताबाई पाठीशी उभे राहिले. केवढे मोठे काम! तरी व्यसनमुक्ती केंद्राचे नाव निघाले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पार कोसळलेला माणूसच येतो. शनिवारी प्यायला बसलेला आणि सोमवारचे प्रॅक्टिकल बुडवलेला विशीतला पोरगा स्वतःला त्या चित्रात बघत नाही. मग तो आणखी दोन वर्षे थांबतो.

बँकेत आम्ही इतके थांबत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. पण पहिल्या ३० दिवसांतच ते खाते वेगळ्या नोंदीत जाते आणि कर्जदाराला बोलावून विचारपूस होते. पैशाच्या बाबतीत आपल्याला हे शहाणपण सुचते, पोरांच्या बाबतीत का सुचू नये?

अशी चाचपणी करण्याचे साधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची एक चाचणी आहे. किती वेळा पिता, सुरू केल्यावर थांबता येते का, त्यापायी ठरलेले काम राहिले का, नंतर अपराधी वाटले का, असे साधे प्रश्न. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले, तर कुणाशी तरी बोलावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एकाएकी बंद करू नये; हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. तिथे डॉक्टरच हवा. आणि मित्र बेशुद्ध पडला तर 'झोपू दे त्याला' म्हणून दार ओढून घेऊ नये. त्याला कुशीवर वळवावे, दवाखाना गाठावा. पोलीस, रेक्टर, घरचे यांच्या धाकाने गेलेला तो अर्धा तास महागात पडतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ वर आहे. मराठीतही बोलता येते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला तर ना फी, ना नोंदणी. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

पण समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून असेल, तर तिची पायरी कोण चढणार? प्रवेशाच्या दिवसांत आपण पालक मेस विचारतो, प्लेसमेंट विचारतो, वसतिगृहातले पाणीसुद्धा विचारतो. त्याच खिडकीवर आणखी एक विचारावे: समुपदेशक कुठे बसतात, आणि मुलाने तिथे सांगितलेले त्याच खोलीत राहते का? उत्तर 'राहते' असे आले, तर ते मुलाच्या देखत ऐकावे.