वाडीत उंदीर किती? कॅमेऱ्याला विचारू नका

2025मध्ये केरळात खोबरेल तेलाने भावाचे विक्रम मोडले आणि आपल्याकडेही नारळ महागला. अशा वेळी झाडाखाली पडलेला, देठाजवळ भोक असलेला कोवळा नारळ जरा जास्तच खुपतो. मुरूड तालुक्यात माझ्या मामाची छोटी वाडी आहे. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा असे पाच-सहा नारळ माझ्यापुढे टाकून मामा म्हणाला, "तू कंप्युटरवाला ना? मग सांग, वाडीत उंदीर किती आहेत?"

मी लगेच बोलून गेलो, "कॅमेरा लावू, एआय मोजेल." नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की मी किती फेकली होती.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा? 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर लावलेल्या बाणवलीच्या रोपांना फळ धरायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे ज्या झाडांची एवढी वर्षं वाट पाहिली, त्यांचा पहिला माल आत्ता कुठे हाताशी येतोय.

आता एआयकडे वळू. कॅमेरा ट्रॅपचे फोटो चाळणारी दोन मॉडेल्स फुकट मिळतात. मेगाडिटेक्टर फक्त एवढंच सांगतं की फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की गाडी. गुगलने मार्च 2025मध्ये खुलं केलेलं स्पीसीजनेट प्रजाती ओळखायचा प्रयत्न करतं आणि खात्री नसेल तर वरच्या गटाचं नाव देऊन थांबतं. रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत उंदराच्या बाबतीत बहुतेक वेळा "कुरतडणारा प्राणी" एवढ्यावरच समाधान मानायची तयारी ठेवा.

पण खरी अडचण मॉडेलची नाहीच. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून फोटोवरून वाघ मोजता येतात. उंदीर सगळे सारखेच दिसतात. रात्रीत 40 फोटो आले तर ते 40 उंदीर आहेत की एकाच उंदराच्या 40 चकरा? मॉडेल कितीही हुशार असलं तरी ही माहिती त्या फोटोत नसतेच. आपण मोजतो ती हालचाल. संख्या हातात येतच नाही.

संख्या काढायची जुनी रीत म्हणजे पकडा, खूण करा, सोडा आणि पुन्हा पकडा. समजा पहिल्या खेपेला 20 उंदीर पकडून खूण करून सोडले. दुसऱ्या खेपेला 25 सापडले आणि त्यातल्या 5 वर खूण होती. मग अंदाज 20 × 25 ÷ 5, म्हणजे 100. नमुना छोटा असला की हा आकडा फुगतो, म्हणून चॅपमनची दुरुस्ती वापरतात. ती लावली की इथे 90 येतात. गणित शाळेतलं आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. प्रत्येक उंदीर सापडण्याची शक्यता सारखी हवी. उंदीर तर नव्या वस्तूला बिचकतो, पिंजऱ्याजवळ दोन-तीन दिवस फिरकतही नाही. आणि हे घरी करून बघू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, कोकणात पावसाळ्यात तो नवीन नाही.

शिवाय पिंजरा ठेवणार कुठे? जमिनीवर ठेवला तर घुशी सापडतील, त्या मुळं आणि रोपं खातात. नारळ कुरतडणारा काळा उंदीर मात्र वर शेंड्यातच घर करतो आणि झावळीवरून झावळीवर जातो. जमिनीवरची मोजणी त्याला पकडतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग एका सर्व्हरचा आणि बग दुसऱ्यावर.

अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांमध्ये व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी झाडाच्या बुंध्याची साल खातो. तिथे डोकी मोजत बसत नाहीत. त्याच्या वाटांवर सफरचंदाच्या फोडी ठेवतात आणि 24 तासांनी किती फोडी कुरतडल्या ते बघतात. आपल्याकडेही असाच एक प्रकार आहे: संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं. घुशींसाठी हे उत्तम. पण पावसाळ्यात जमीनच चिखल झाली की यातून काही कळत नाही.

मग मामाच्या वाडीत काय केलं? प्रत्येक झाडाला रंगाने नंबर दिला. मामी दर रविवारी पडलेले कोवळे नारळ गोळा करते, झाडाच्या नंबरासह फोटो काढते आणि मी शीटमध्ये भरतो. अ‍ॅप नाही, एआय नाही. देठाजवळ गोल भोक असेल तर संशय उंदरावर. पण खार आणि वानरही नारळ पाडतात, तेव्हा शंका असलेले फोटो वेगळ्या रकान्यात. उंदीर किती ते यातूनही कळत नाही. नुकसान कुठल्या झाडांवर होतंय ते मात्र कळतं, आणि खर्च तिथेच करायचा असतो.

खर्चाचंही बघा. ब्रोमाडिओलोनच्या 10 ग्रॅमच्या वड्या दर पाच झाडांपैकी एकाच्या शेंड्यात, 12 दिवसांच्या अंतराने दोनदा, अशी शिफारस आहे. पण विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर फुकटचा शिकारीही जातो. बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदीर वर चढू शकत नाही, मात्र झावळ्या एकमेकींना टेकत असतील तर पत्रा वाया. आमच्या जुन्या वाडीत नारळ, सुपारी, जायफळ अशी दाटी आहे. तिथे पत्रा चालणार नाही. वादळानंतरची नवी झाडं मोकळ्या अंतरावर आहेत, पण अजून ठेंगणी. पत्रा जमिनीपासून दोन मीटरवर लावतात आणि तेवढा बुंधा त्यातल्या फक्त चौघांना आहे. पुढच्या रविवारी तेवढेच चार पत्रे लावतोय.