बरोबर उत्तर, पण वेळेवर?

‘वरातीमागून घोडे’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. संगणकालाही ती तितकीच लागू पडते. पगाराचा हिशेब दोन सेकंद उशिरा मिळाला, तर कुणाचे काही बिघडत नाही. मोटारीचा ब्रेक किंवा रुग्णालयातले यंत्र सांभाळणाऱ्या संगणकाला मात्र ही सवलत नाही. तेथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर.

‘पाथफाइंडर’चे उदाहरण मला फार बोलके वाटते. ४ जुलै १९९७ रोजी हे अमेरिकी यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. यानातील माहितीची ने-आण पाहणारे महत्त्वाचे काम सेकंदाला आठ वेळा पुरे व्हायला हवे होते. त्याला लागणारी किल्ली हवामान नोंदणाऱ्या कनिष्ठ कामाकडे अडकली आणि त्या कनिष्ठाला मधल्या दर्जाच्या कामांनी रोखून धरले. साहेब दाराशी, किल्ली शिपायाकडे आणि शिपायाला हेडक्लार्कने बसवून ठेवलेले! वेळ टळली की पहारा देणारी यंत्रणा सारे नव्याने सुरू करी. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर क्षणाक्षणाची नोंद ठेवून अभियंत्यांनी दोष हुडकला. किल्ली हाती असेपर्यंत शिपायालाच साहेबाचा मान देण्याची सोय त्यांनी इथूनच चालू केली.

असे दोष नुसत्या डोळ्यांनी शोधणे जिकिरीचे. १९७७ मध्ये इस्रायलचे अमीर प्नुएली यांनी कालाचे तर्कशास्त्र संगणकाच्या आज्ञावलींना लावून दाखवले. ‘नेहमी’, ‘कधी ना कधी’, ‘तोवर’ या रोजच्या शब्दांना त्यात गणिती काटेकोरपणा आला. १९९६ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे इतरांनी या भाषेला घड्याळ जोडले. त्यामुळे नोंदींनाच विचारता येते, ‘मागितलेले काम १२५ मिलिसेकंदांत झाले नाही, असे कधी घडले?’ आणि नेमकी जागा सापडते. अर्थात, जे नोंदलेच नाही किंवा विचारलेच नाही, त्याचे उत्तर मिळत नाही.

मला खटकते ते वेगळेच. पाथफाइंडरचा हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसला होता. तो पुन्हा घडवून आणता आला नाही आणि अभियंत्यांचे लक्ष यान सुखरूप उतरवण्याकडे लागलेले होते. मंगळावर तेव्हा कुणाचा जीव टांगणीला नव्हता. रुग्णालयात तो असतो. म्हणून यंत्र घेणाऱ्याने ‘चालते ना?’ एवढ्यावर थांबू नये. ‘वेळेत चालते, याचा पुरावा काय?’ हेही विचारावे. आणि एकदाच दिसलेल्या चुकीला योगायोग म्हणून माफी देऊ नये.