हात न मोजणारं गाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बोअरवेलची मोटर जळली. वर्गणी काढून ती दुरुस्त करायची की नगर परिषदेकडे अर्ज देऊन वाट बघायची, यावर बैठक झाली. अर्ध्या तासात कंटाळून कुणीतरी म्हणालं, हात वर करा. १९ विरुद्ध १४. वर्गणी मंजूर झाली आणि त्या १४ घरांनी ती दिलीच नाही. मोटर तशीच पडून राहिली. मी १९ जणांत होतो. आपण जिंकलो असं त्या रात्री मला मनापासून वाटलं होतं, ते आज बोचतं.

तेव्हापासून मेंढा डोक्यातून जात नाही. आमच्या गडचांदूरहून वर्धा आणि वैनगंगा ओलांडून, गडचिरोलीच्या पुढे धानोऱ्याच्या वाटेवर असलेलं हे गोंडांचं लहानसं गाव. लेखा गावाला लागून असल्यामुळे मेंढा (लेखा). तिथल्या ग्रामसभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय थांबतो. एका माणसाला पटलं नसेल तर विषय पुढच्या सभेला जातो, तिथेही नाही जमलं तर त्यापुढच्या. आणि निर्णय घेण्याआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो. निर्णय आणि अभ्यास वेगळे ठेवायचे, ही या गावाची मला सर्वात मोलाची वाटणारी शिकवण.

ही रीत अराजकवादाच्या जवळची आहे. मराठीत ‘अराजक’ म्हटलं की जाळपोळ आणि लुटालूट डोळ्यांपुढे येते. पण वरून हुकूम देणारं कुणी नसताना माणसं आपखुशीनं एकमेकांना धरून राहू शकतात, असं मानणारा एक गंभीर विचार जगात आहे. रशियाच्या क्रपोटकिननं १९०२ साली प्राण्यांपासून मध्ययुगीन शहरांपर्यंतचे दाखले देत परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला. काशीच्या १९१६ च्या भाषणात गांधीजींनी स्वतःला अराजकवादी म्हटलं, मात्र वेगळ्या जातीचा. विनोबांचं ग्रामदान त्याच वाटेवरचं. पण आपल्याकडे या विचाराचं मूळ पुस्तकात शोधायची गरज नाही. सावड, इर्जिक हे शब्द आपल्या शेतातलेच आहेत. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. त्याला ना अध्यक्ष लागला, ना ठराव.

मेंढ्यात हे आपोआप घडलं नाही. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन पेटलं, त्यातून गावांना स्वतःच्या राज्याचा प्रश्न पडला. या वाटचालीत दोघं पुढे होते. देवाजी तोफा गावातले. मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरचे, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेले. सल्ला द्यायचा, पण निर्णय गावाचाच, हे पथ्य मोहनभाऊंनी अखेरपर्यंत पाळलं. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही मेंढ्याची घोषणा पुष्कळांना पाठ आहे. तिचा पहिला अर्धा भाग मात्र बहुतेक जण विसरतात. मेंढ्यानं सरकार नाकारलं नाही, त्याची हद्द आखून दिली.

दारूचंच बघा. दारूबंदीचा विषय निघाला तेव्हा बायका सभेत बसल्याशिवाय निर्णय टिकणार नाही हे गावाच्या लक्षात आलं, आणि त्या सभेत आल्या. याउलट आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला सरकारनं बंदी आणली आणि २०२१ मध्ये सरकारनंच उठवली. बंदीसाठी आमच्या बायाबापड्या नागपूर-मुंबईपर्यंत लढल्या, हे मी विसरत नाही. तरी किल्ली मंत्रालयातच राहिली.

जंगलाचंही तसंच. चारोळीची, आवळ्याची फळं काढायला झाडच पाडायची खोड गावानं स्वतः मोडली. मोहोळ न जाळता, माश्या न मारता मध काढायला लोक शिकले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढा आणि मर्दा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं. पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. बांबूला झाड म्हणायचं की गौण वनोपज, यावर वाद चालला. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये तर १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपल्या जमिनी गावाच्या नावे करायचं ठरवलं. आपखुशीच्या राज्याला दोन सरकारी कायदे लागले, यात मला विसंगती दिसत नाही. ज्या जंगलावर आधी सरकारनं कब्जा केला, ते सोडवायला सरकारचाच कागद लागणार.

‘ते आदिवासी, एका गोताचे, त्यांना जमतं,’ असं आमच्या चौकात ऐकायला मिळतं. हे मला पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लागतात. हातात येणारा रोख पैसा सोडायला नुसतं गोत पुरत नाही. त्यासाठी बसावं लागतं, वारंवार.

अडचण आहे ती मी लपवत नाही. गडचांदूर सिमेंटच्या कारखान्यांभोवती वाढलेलं गाव. तेलंगण, बिहार, मराठवाडा, कुठकुठून माणसं आली. शिफ्ट सुटल्यावर भट्टीजवळून आलेला माणूस तीन तासांच्या सभेला कसा बसेल? आणि एकच माणूस हट्टानं सगळं अडवून धरू लागला तर? मेंढ्यात त्या माणसाला रोज त्याच रानात, त्याच शेजाऱ्यांबरोबर जायचं असतं. आमच्याकडे तो घर विकून निघून जाऊ शकतो. म्हणून शहराचं सोडा, ३३ घरांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

मोटरीसाठी येत्या रविवारी गल्ली पुन्हा बसणार आहे. वर्गणी न दिलेल्या १४ घरांत मी या आठवड्यात एकेक करून जाऊन आलो. तिघांकडे त्या महिन्यात पैसेच नव्हते, आणि भर बैठकीत ते सांगायची त्यांना लाज वाटली होती. हात वर करून मोजणी करायची नाही, एवढं सध्या ठरलं आहे.