अर्थ सांगा, मग आमेन म्हणतो

प्रार्थनेला माझा विरोध नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण हल्ली कॅथलिक शाळेबद्दल कुणी ब्र काढला की भगवे रुमालवाले लगेच टाळ्या वाजवायला हजर. २०२४ च्या फेब्रुवारीत आसामात एका संघटनेनं मिशनच्या शाळांना पंधरा दिवसांची मुदत दिली होती. येशू-मेरीच्या मूर्ती काढा, क्रॉस काढा, फादर-सिस्टरांनी झगे घालून शाळेत येऊ नये. असल्यांच्या टाळ्या आपल्याला नकोत. यांच्या बापजाद्यांनी आपल्याला शाळेच्या कुठल्या पायरीवर बसवलं होतं ते आपापल्या आजीला विचारा. माझं भांडण क्रॉसशी नाही, अर्थाशी आहे.

मी डॉकात काम करतो, कंत्राटी. पहिली ते चौथी डॉकापासून जवळच्याच एका कॅथलिक प्राथमिक शाळेत होतो. इंग्रजी माध्यम. पुढं फी झेपेना म्हणून म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत आलो आणि तिथूनच दहावी झालो. तेव्हा दोन्हीकडचं पाणी प्यालेला माणूस आहे मी, ऐकीव सांगत नाही.

त्या शाळेचा दिवस घंटेनं सुरू व्हायचा. उंचीप्रमाणे रांग. नखं तपासणार, बूट तपासणार. मग भोंग्यावरून प्रार्थना. कॅथलिक पोरं कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रॉस करायची आणि आम्ही बाकीचे हात जोडून उभे. डबा उघडण्याआधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती पोरं मिस्सेला जायची, आम्ही बाकावर डोकं ठेवून गप्प. ऑक्टोबरात रोझरी. राखेच्या बुधवारी त्यांच्या कपाळावर राख, आणि आम्हाला वाटायचं आपल्याला का नाही? उपवासकाळात गरिबांसाठी पैसे टाकायची पुठ्ठ्याची डबी मिळायची. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती डबी फळीवर बसायची, आणि आई विचारायची, कोण रे हे गरीब?

शिस्त लागली, नाही म्हणत नाही. अक्षर वळणदार झालं. चारचौघांत उभं राहून मोठ्यानं बोलायची भीती गेली ती तिथंच. हे ऋण आहे आणि ते मी मोजून देतो.

पण वाचायला शिकवलं का? टीचर एक ओळ म्हणणार, साठ पोरं मागून म्हणणार. बोट ओळीखाली सरकत राहायचं, तोंड चालू राहायचं. एखाद्याचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर असलं तरी कुणाला पत्ता नाही. कॅथलिक पोरांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेलं. त्या तासाला आम्हाला मॉरल सायन्स असायचं. त्यातही तेच, फक्त देव थोडा कमी आणि आज्ञा पाळणारं पोर थोडं जास्त. चार वर्षांत आपला प्रश्न आपण विचारा असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

‘आवर फादर’ मी रोज चार वेळा म्हणायचो. त्यात सुरुवातीलाच ‘आर्ट’ शब्द येतो. आम्ही चौघा-पाचांनी आपापसात ठरवलं होतं की स्वर्गात देवबाप्पा चित्रकलेचा तास घेतो. पुढं एक ‘ट्रेसपास’ येतो. तो चारही वर्षं काही कळला नाही. कळला तो पुढं, डॉकाच्या भिंतीवर. पत्र्याची पाटी, तांबडी अक्षरं : ट्रेसपास करील त्याच्यावर खटला भरला जाईल. भिंतीच्या अलीकडे आमच्या झोपड्या. म्हणजे लहानपणी रोज चारदा हात जोडून मी जो गुन्हा माफ करून घेत होतो, तो हाच होय! देव माफ करतो, डॉकवाले करत नाहीत, एवढाच फरक. शब्द तोच.

आमच्या शाळेत ‘आवर फादर’ खऱ्या अर्थानं कळत असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे. तो संडास धुणारा शिपाई. तमिळ ख्रिश्चन, जातीनं आपल्यातलाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिश्चन झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं. बौद्धांना ती सवलत १९९० साली मिळाली, त्यांना नाही. म्हणजे चर्चमध्ये मागच्या बाकावर आणि सरकारदरबारी बाहेरच. हा माणूस झाडू भिंतीला टेकवून भोंग्यासोबत ओठ हलवायचा. मी एकदा विचारलं, अण्णा, याचा अर्थ काय? तो हसला. म्हणाला, इंग्लिस अपुनको नै आता. मैं तमिळमें बोलता, वास्ते समजता.

हीच गोष्ट रोमच्या चर्चला कळायला शेकडो वर्षं लागली. मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. पाद्री म्हणतोय, लोक गुडघ्यावर बसलेत, काय म्हणतोय देव जाणे. शेवटी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी केली. आज वसईत मिस्सा मराठीत होते. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल मराठीत आणलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या जेझुइटानं गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं. माणूस जन्मानं इंग्रज. पण देव लोकांच्या पोटात उतरवायचा तर लॅटिन चालणार नाही, मराठी ओवी पाहिजे, हे त्याला उमगलं होतं. दहा हजारांवर ओव्या लिहिल्या पठ्ठ्यानं! आणि त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी आपली बोली टाकावी, तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. म्हणजे पटवायचं असतं तेव्हा लोकांची भाषा, हुकूम चालवायचा असतो तेव्हा साहेबाची.

आता माझा सवाल. देवाचं म्हणणं समजलं पाहिजे म्हणून ज्या चर्चनं दीड हजार वर्षांची लॅटिन बाजूला सारली, त्याच चर्चच्या शाळेत सहा वर्षांच्या पोराला गणित, गोष्ट, प्रार्थना, सगळं न समजणाऱ्या भाषेत का? मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर आमच्याकडून रुपया घेत. रुपया! बापाची मजुरी तेव्हा शंभर होती.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी आपल्यालाच पाहिजे. अरे पाहिजेच! आपल्या पोरांना इंग्रजी नको असं सांगणारा बामण नेहमी स्वतःची पोरं अमेरिकेला पोचवून मगच सांगायला येतो. डॉकात मी रोज बघतो. पोत्यांवर इंग्रजीत छापलेलं असतं, हुक लावू नका. एकदा आमच्या गँगमधल्या दोघांनी साखरेच्या पोत्यांना हुक लावले. पोती फाटली, कंत्राटदारानं दोघांची चार दिवसांची मजुरी कापली. त्यातला एक जण इंग्रजी शाळेत सहावीपर्यंत शिकलेला. अक्षरं त्याला ओळखू येत होती, मोठ्यानं वाचून दाखवली त्यानं मला, घडाघडा, टीचरच्या चालीत. अर्थ लागला नव्हता. ज्याला अक्षर येत नाही तो निदान दुसऱ्याला विचारतो. याला विचारायचीही सवय राहिली नव्हती. इंग्रजी शिकवा, कडक शिकवा, पण पोराला समजणाऱ्या भाषेच्या खांद्यावर उभं करून शिकवा. माझी मागणी एवढीच आहे.

कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण आपले लोक कायद्याला घाबरतात आणि शाळावाले घाबरत नाहीत. संविधानाच्या २८ व्या कलमात तिसरं पोटकलम आहे. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती लागते. माझ्या बापानं दिली होती ना संमती! अॅडमिशनचा फॉर्म इंग्रजी, बापाला येते फक्त सही, तीही मराठीत. मागच्या माणसाला विचारलं, कुठं करू? त्यानं बोट दाखवलं तिथं केली. झाली संमती.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्यात लिहिलंय की शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेत द्यावं. त्यातच खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब-मागास मुलांना. पण ६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ठरवलं की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात सांगितलं की सरकार प्राथमिक शाळांवर मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. एका दिवसात दोन्ही दारं बंद. २०२५ च्या सप्टेंबरात दोन न्यायमूर्तींनी पहिल्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवावा म्हटलं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडे आहेत : ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरल्या तर दुर्बल घटकांतली मुलं ८.७६ टक्के. त्या अहवालाच्या हेतूवर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. तरी आठ टक्क्यांचं उत्तर चर्चनं द्यावंच, कारण येशू सुताराचा पोर होता, ट्रस्टीचा नव्हे.

आणि आता खरं दुखणं.

२०२४ च्या एप्रिलात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं शाळांना सूचना पाठवल्या. दुसऱ्या धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवा, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा, ती फाटकाशी लावा. महाराष्ट्र सरकारनं तर २६ जानेवारी २०२० पासूनच शाळांत उद्देशिका वाचायला लावली आहे. मला आनंद झाला. का होऊ नये? बाबासाहेबांचं लेखन त्या भोंग्यावरून! ज्या शाळेच्या कॅलेंडरात सहा डिसेंबरच्या गैरहजेरीचं कारण आम्हाला ‘फॅमिली फंक्शन’ म्हणून लिहायला लागायचं, तिथं आता बाबासाहेब रोज सकाळी.

माझी भाची यंदा पहिलीत आहे, अशाच एका शाळेत. एका रात्री पाळी नव्हती, तर म्हटलं, म्हण बघू. पोरगी उठली, टाचा जोडल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि अख्खी उद्देशिका म्हणाली इंग्रजीत, न अडखळता. चाल ‘आवर फादर’ची. शेवटी सवयीनं आमेनसुद्धा म्हणाली. घरात सगळे खूश. मी विचारलं, फ्रॅटर्निटी म्हणजे गं काय? म्हणाली, मामा, जिथं बाळ होतं ना ते. मॅटर्निटी होम.

हसू नका. १९५४ साली बाबासाहेबांनी आकाशवाणीवर सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीतून उचललेलं नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलंय. तो बंधुता शब्द माझ्या भाचीच्या तोंडात रोज सकाळी येतो आणि डब्याच्या घंटेबरोबर विरून जातो. पाव्हण्याच्या देवाची प्रार्थना न समजता म्हटली तर माझं काही बिघडत नाही. चार वर्षं म्हटली, ना ख्रिश्चन झालो ना बाटलो. पण आपल्याच मुक्तीचा कागद न समजता म्हणायचा? तो मंत्र झाला की मेला. मग त्याच्यात आणि सत्यनारायणाच्या पोथीत काय उरलं?

बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंकडून म्हणवूनच घेतलं होतं. बावीस प्रतिज्ञा, त्यांच्यामागून. पण मराठीत. आपण काय सोडतोय आणि काय धरतोय हे शेवटच्या म्हातारीला कळत होतं. घरी जाऊन तिनं देव्हारा रिकामा केला तो उगाच नाही. आणि चर्चला बोल लावताना आपलंही ताट बघा. विहारात दर रविवारी पोरं पालीत त्रिसरण-पंचशील म्हणतात. किती जणांना अर्थ सांगितलाय आपण? मी दोन विहारांत विचारलं. भंते रागावले.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अॅडमिशनचा फॉर्म आणि संमतीचा कागद मराठीत, हिंदीत, बाप वाचेल त्या भाषेत. पहिली-दुसरीत रोज एक तास पोराच्या भाषेत वाचन, आणि त्या तासाला पोरानं विचारायचं, टीचरनं उत्तर द्यायचं. उद्देशिका आठवड्यातून एकच दिवस म्हणा, पण त्या दिवशी त्यातला एक शब्द फोडून सांगा. मराठी बोलल्याचा दंड ताबडतोब बंद.

येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही चौघं भाचीच्या शाळेत जाणार आहोत. माझी पाळी रात्रीची आहे, तसाच येईन. प्रिन्सिपल सिस्टर भेटतील असं ऑफिसातल्या बाईनं सांगितलंय. ज्यांचं पोर किंवा भाचरू तिथं आहे त्यांनी यावं, फॉर्मची प्रत घेऊन यावं, आणि घोषणा देत येऊ नये, वर्ग चालू असतात.