तांब्याचं पोट आणि पाण्यातलं खोटं

लेयर कॉपी करा, फ्लिप व्हर्टिकल मारा, ओपॅसिटी निम्मी करा, खाली ग्रेडियंट मास्क ओढा. झालं रिफ्लेक्शन! आपल्या हॉस्टेलमध्ये दर दोन खोल्यांमागे एक तरी 'डिझायनर' सापडतो आणि त्याला एवढी विद्या येतेच. फेस्टचं पोस्टर असो की गणपतीचा फ्लेक्स, वस्तूखाली तिचं उलटं रूप चकाकलंच पाहिजे. २००६ साली आयट्यून्समध्ये गाण्यांची कव्हरं काळ्या चकचकीत फरशीवर उभी राहिली, त्या सुमारास ही साथ जगभर पसरली. ती काही अजून गेलेली नाही.

साथीबद्दल माझी तक्रार नाही, मित्रहो. तक्रार आहे ती गोल वस्तूंबद्दल.

सीडीचं कव्हर सपाट असतं, उलटं केलं की काठाला काठ जुळतो. आता मेसमधला स्टीलचा ग्लास घ्या, किंवा पूजेचा तांब्या. वरून थोडा तिरका फोटो काढलात तर त्याच्या बुडाची कड खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसते. ती उलटी केली की कमान वर झुकते. दोन्ही मध्यभागी टेकतात आणि बाजूंना फट राहते. मग आपले कलाकार काय करतात? ब्लर! फट झाकली जाते, पण बघणाऱ्याला तांब्या हवेत तरंगतोय असं वाटतच राहतं.

एफ.ई.ला ड्रॉईंगच्या तासाला ज्यांनी झोप काढली नाही त्यांना कारण लगेच कळेल. आडव्या आरशातलं प्रतिबिंब म्हणजे फरशीच्या खाली, तेवढ्याच खोलीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारं दृश्य, फक्त उलटं. म्हणजे वरून बघताना आपल्याला तांब्याचं तोंड दिसतं, पण प्रतिबिंबात ते दिसता कामा नये, तिथं पोटाचा खालचा भाग दिसायला हवा. तांब्यावर आडव्या रेघा असतील तर त्या प्रतिबिंबातही खालीच झुकतात, आणि जितकं खाली जावं तितक्या जास्त गोलाकार होतात. फ्लिप मारलेल्या चित्रात त्या वर झुकतात. खरं-खोटं ओळखायला एवढी एक खूण पुरे.

उपाय आहे. फोटोशॉपमध्ये २००५ च्या सीएस-टू आवृत्तीपासून वार्प आहे. उलट्या कॉपीचे वरचे दोन्ही कोपरे वर ओढा, मधला भाग खाली दाबा, बुडाची कमान कमानीवर बसवा. खालच्या रेघाही तशाच वळवा, तोंड पुसून टाका. खोक्यासारखी वस्तू असेल तर प्रत्येक बाजू वेगळी कापून स्क्यू करावी लागते. पण वार्प जादूगार नाही. जो भाग फोटोत आलाच नाही तो तो आणणार कुठून? म्हणून मी सरळ दुसरा फोटो काढतो. कॅमेरा टेबलाच्या पातळीला किंवा त्याहून खाली नेऊन, उजेड तोच ठेवून. तो उलटा करून वापरला की निम्मं काम आपोआप होतं. आळशी माणसासाठी आणखी एक युक्ती: मूळ फोटोच फरशीच्या पातळीवरून काढा. तिथून बुडाची कड सरळ रेघ दिसते आणि साधा फ्लिपही बरोबर ठरतो!

पाण्याचं गणित थोडं वेगळं. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं, तिरकं पाहिलं की कितीतरी जास्त. जुलैत लावणीच्या वेळी कर्जतच्या कुठल्याही बांधावर उभे राहा. पायाशी खाचरातला चिखल दिसतो आणि लांबच्या खाचरात आभाळ.

हे सगळं इथं लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या कर्जत-खालापुरात सध्या भाताएवढंच जोमदार पीक प्लॉटच्या जाहिरातींचं आहे. मागे हातात एक पत्रक आलं, नाव सांगत नाही. उंचावरून दाखवलेला 'लेक टच' प्लॉट, काठावर गोल छपराची छत्री आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब. प्रतिबिंबात छपराची वरची कौलं दिसत होती! खरं पाणी असतं तर छपराची खालची बाजू दिसली असती. म्हणजे तळं फोटोशॉपमध्ये खोदलेलं. ज्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात आदिवासी वाड्यांवर टँकरची वाट बघतात तिथं हे असलं तळं काढणं मला तरी चीड आणतं. पत्रक हाती पडलेल्या कुणाच्या तरी वडिलांच्या पीएफचे पैसे त्यात जाणार असतात.

कुणी म्हणेल, खोटं तर चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओतही होतं. नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ मध्ये तो उभा केला, 'जोधा अकबर'साठी तिथं आख्खा आग्र्याचा किल्ला बांधला. बरोबर. पण प्रेक्षक तिकीट काढून ते खोटं बघायला जातो, किल्ल्याचा सातबारा मागत नाही.

कायदाही आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. फक्त छोट्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही.

असली पत्रकं बनवतं कोण? आपल्यासारखीच पोरं, सुट्टीत डीटीपीच्या दुकानात बसून. म्हणून एक मित्र मला म्हणाला, "तू हे छापू नकोस, त्यांना अजून चांगलं खोटं करता येईल." मला ते पटत नाही. छापलं नाही तरी करणारे शिकतीलच. घेणाऱ्याच्या घरात मात्र एखादा इंजिनिअर पोरगा असतो, त्याला लंबवर्तुळ ओळखता आलं तरी पुष्कळ. बाकी कामाचं म्हणाल तर पोस्टरवरच्या तांब्याला मी वाटेल तेवढी चकाकी देईन, नसलेलं तळं काढायचं काम आलं तर घेणार नाही, पैसे कितीही मिळोत.

तुमच्या घरी असं पत्रक आलं असेल तर रात्री जेवणानंतर मेसमध्ये घेऊन या. स्टीलचा ग्लास तिथं असतोच.