'सर्वांसाठी' म्हणजे नक्की कुणासाठी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका डोंगरावर जाणाऱ्या नव्या पायवाटेचं उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, प्रेसनोट हातात पडली. मी बातमी केली आणि मथळा दिला, 'निसर्ग पायवाट आता सर्वांसाठी खुली'. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लहानपणी पोलिओ झालेले, तीनचाकी सायकलवर फिरणारे एक ओळखीचे गृहस्थ. म्हणाले, "दादा, बातमी वाचली. सर्वांसाठी लिहिलंय, तर मी येऊ का?"

मी गप्प. त्या वाटेला सुरुवातीलाच दगडी पायऱ्या आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतः धापा टाकत त्या चढून फोटो काढले होते. तरीही प्रेसनोटमधला शब्द जसाच्या तसा उचलून मथळ्यात टाकला. चूक माझी होती. "बघतो, सांगतो" म्हणून फोन ठेवला. सांगितलं काहीच नाही.

हा प्रश्न मला परत भेटला तो थेट जर्मनीत. लगेच भुवया उंचावू नका! पुतणी पुण्यात इंजिनिअर होऊन तिकडे नोकरीला आहे, तिने तिकिटं काढली म्हणून आईला घेऊन गेलो. बव्हेरिया राज्याच्या दक्षिण टोकाला, आल्प्स जिथून सुरू होतो त्या पायथ्याला आल्गॉय म्हणतात. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, तळी आणि मागे एकदम उभे राहिलेले डोंगर. आपले टूरवाले नॉयश्वानश्टाईनचा राजवाडा दाखवायला नेतात तो हाच भाग.

आई बहात्तर वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. गेली आठ-दहा वर्षं कुठल्याही गडावर, देवळाला गेलो की तिचं वाक्य ठरलेलं, "तुम्ही या वर जाऊन, मी बसते खाली." आणि आम्हीही तिला पिशव्या, चपला सांभाळायला बसवून वर जातो. तिथेही राजवाड्याचा चढ बघून ती तेच म्हणाली. पुतणी म्हणाली, "आजी, उद्या तुला खाली बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी फ्यूसनहून बसने जवळच्या होफन तळ्यावर गेलो. तळ्याभोवती साधारण सात किलोमीटरची वाट आहे, जवळजवळ सपाट. समोर झॉयलिंग नावाचा डोंगर, २०४७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने उंच. त्याच्या माथ्यावर जायला अनुभवी पाय लागतात. पण तो डोंगर डोळे भरून बघायला अनुभवी पाय लागत नाहीत. आई काठी टेकत, बाकावर बसत-उठत दोन किलोमीटर चालली. समोरून इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर एक आजोबा आले, शेजारी त्यांची बायको चालत होती. "ग्र्युस गॉट" म्हणाले. आईने हात जोडून "राम राम" केलं. दोघांनाही एकमेकांचं पोचलं.

त्या दिवसापासून मी पाट्या बघायला लागलो. पत्रकाराची खोड, दुसरं काय.

तिकडच्या डोंगरातल्या वाटांना रंग दिलेले आहेत. निळा ठिपका म्हणजे सोपी डोंगरवाट. लाल म्हणजे अरुंद, बऱ्याचदा उभा चढ, काही ठिकाणी पाय घसरला तर पडायची भीती. काळा म्हणजे अवघड, हातांनी धरून चढावं लागेल, उंचीची भीती असेल तर येऊच नका. तळातल्या साध्या वाटेला रंगाचा ठिपकाच नाही. आल्गॉयमध्ये तर ८७६ किलोमीटरच्या वाटांचं एक जाळं तीन पातळ्यांत विभागलंय. एक कुरणातून चालणाऱ्यांसाठी, एक पाण्याच्या वाटांनी जाणाऱ्यांसाठी आणि एक शिखरं गाठणाऱ्यांसाठी. कुरणातून चालणारा कमी दर्जाचा, असं कुणी मानत नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो इथे. सर्वांसाठी म्हणजे प्रत्येक वाट प्रत्येकाला जमली पाहिजे असं नाही. शिखरापर्यंत काँक्रीट ओता, असंही नाही. प्रत्येकाला जमेल अशी एक तरी चांगली वाट हवी, आणि कुठली वाट कुणाला जमेल हे घरून निघायच्या आधी खरं-खरं सांगितलेलं हवं.

हे 'खरं-खरं' फार महत्त्वाचं. जर्मनीत 'सर्वांसाठी प्रवास' अशा अर्थाची एक देशव्यापी नोंदणी आहे. त्यात प्रशिक्षित माणूस जागेवर जाऊन टेप लावतो. दरवाजा किती रुंद, चढ किती टक्के, उंबरा किती उंच. चालायला त्रास होणारे, व्हीलचेअरवाले, कमी ऐकू येणारे, कमी दिसणारे, समजायला वेळ लागणारे, अशी प्रत्येकासाठी वेगळी माहिती दिली जाते. जागा पूर्ण अडथळामुक्त नसेल तर 'अंशतः' असं स्पष्ट लिहितात. 'अंशतः' हा शब्द आपल्या प्रेसनोटमध्ये कधी वाचलाय? मी तरी नाही वाचला.

दुसरी गोष्ट साखळीची. वाट सपाट असून भागत नाही. बसमध्ये चढता आलं पाहिजे, वाटेत बाक पाहिजे आणि शौचालय पाहिजे. आईला घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा, पहिला प्रश्न शौचालयाचाच असतो. तिकडे १९८६ पासून दिव्यांगांसाठी एक 'युरो-चावी' मिळते. त्या एका चावीने युरोपभरातली बारा हजारांहून जास्त शौचालयं उघडतात. कुलूप असल्यामुळे ती स्वच्छ राहतात, आणि ज्याला गरज आहे त्याच्याच खिशात चावी असते.

आता कुणी म्हणेल, श्रीमंत देश आहे बाबा, त्यांना परवडतं. पैसा आहेच, नाही कशाला म्हणू? पण बव्हेरियाच्या राज्यघटनेत १९४६ सालीच एक कलम घातलंय, १४१ वं. डोंगर, तळी, नद्या इथे जायचे रस्ते सर्वांसाठी मोकळे ठेवणं आणि फिरायच्या वाटा तयार करणं हे सरकारचं आणि गावच्या पालिकेचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. १९४६ म्हणजे युद्ध हरून एक वर्ष झालेलं, शहरं ढिगाऱ्याखाली. तेव्हा ते श्रीमंत नव्हते.

आणि तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. शेजारच्या स्वित्झर्लंडने सार्वजनिक वाहतूक अडथळामुक्त करायला कायद्याने वीस वर्षांची मुदत दिली होती. २०२३ अखेर ती संपली, काम पुरं झालं नाही. पण मुदत तारखेसकट लिहिलेली होती, म्हणून चुकली हे लोकांना बोट ठेवून सांगता आलं.

कायदा आपल्याकडेही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजन आहे, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमही आहेत. म्हणजे डोंगर बघायची हौस ही कायद्याच्या दृष्टीने चैन नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रातुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. एवढं सगळं असताना आपल्याकडे 'पर्यटन विकास' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं काय? पायऱ्या, कमान आणि सेल्फी पॉइंट. नाहीतर एकदम रोपवे. या दोन्हींच्या मधली, तळ्याकाठची, धरणाच्या भिंतीलगतची, कालव्याच्या कडेची सपाट वाट कुणाला दिसतच नाही. तिथे कोनशिला बसवता येत नाही म्हणून असेल कदाचित.

गावी परत आल्यावर त्या गृहस्थांना फोन केला. दोन वर्षं उशिरा. म्हटलं, डोंगरावर नाही, पण तलावाच्या बांधावर येता का? टेप घेऊन गेलो. बांधावरचा रस्ता सव्वा किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, वरून डोंगराची रांग स्वच्छ दिसते. अडचण एकच. गाड्या जाऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत, आणि दोन खांबांतलं अंतर त्यांच्या सायकलपेक्षा चार बोटं कमी. चार बोटं! ना टेंडर लागत, ना उद्घाटन. एक खांब काढून थोडा सरकवून बसवायचा. संबंधित कार्यालयात दोघांच्या सहीने अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे, उत्तर यायचंय. आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

माझ्यापुरता एक नियम केलाय. यापुढे बातमीत 'सर्वांसाठी' लिहायच्या आधी पायऱ्या किती, चढ किती, बाक किती, शौचालय आहे का, हे विचारायचं. उत्तर नसेल तर तो शब्द काढायचा. बातमीदार मित्रांनाही हीच विनंती.

आणि तुम्हाला एक काम. तुमच्या गावाजवळची एक सपाट वाट शोधा. टेप लावा आणि सोबत अशा माणसाला न्या, ज्याला आजवर आपण 'तू बस खाली' म्हणत आलोय. काय अडलं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा, फोटोसकट. यादी झाली की ती घेऊन कुणाच्या दारात जायचं ते मी बघतो.